कार्डं की आठवड्याचा आराखडा? गृहभेटींचं साहित्य निवडताना

तीन वर्षांखालच्या मुलांच्या घरी नियमित जाऊन, त्यांच्याशी खेळायचं-बोलायचं कसं ते आयांना दाखवणारी टीम उभी करायची म्हटली, की पहिल्याच बैठकीत प्रश्न येतो: कार्यकर्तीच्या हातात द्यायचं काय? साहित्य भरपूर आहे आणि त्यातलं बरंचसं चांगलंही आहे. पण चाळणी लावत गेलं की बहुतेकांपुढे शेवटी दोनच वाटा उरतात. एक, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा ‘केअर फॉर चाइल्ड डेव्हलपमेंट’ हा संच, म्हणजे वयोगटानुसार समुपदेशनाची कार्डं. दुसरी, जमैकातल्या गृहभेटींमधून घडलेला ‘रीच अप’, म्हणजे प्रत्येक भेटीत काय करायचं याचा लिहिलेला आराखडा आणि सोबत खेळणी. मी दोन्ही वापरली आहेत. माझा कल कुठे आहे ते लपवायचा प्रयत्न करतो, पण जमेल असं वाटत नाही.

तिसरं नाव कोणीतरी काढतंच: ‘नर्स-फॅमिली पार्टनरशिप’. डेव्हिड ओल्ड्स यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा इथे १९७७ च्या सुमारास ज्या कामाला सुरुवात केली, त्यातून ते उभं राहिलं. त्याचा दबदबा रास्तच आहे. पण त्याला प्रशिक्षित परिचारिका लागतात आणि भेटी पहिलटकरणीच्या गरोदरपणापासून सुरू होऊन मूल दोन वर्षांचं होईपर्यंत चालतात. ज्यांच्याकडे वस्तीतल्याच, जेमतेम शाळा झालेल्या बायका काम करणार आहेत, त्यांनी त्यात वेळ घालवू नये.

आधी कार्डांची बाजू. ती पिशवीत मावतात, शिकायला थोडे दिवस पुरतात, आणि जिच्या मागे लसीकरण, वजनं, नोंदवह्या असा सगळा व्याप आहे तिलाही झेपतात. वेगळी खेळणी लागत नाहीत, घरातली वाटी-चमचा चालतो. पण मला या संचातली सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट त्याच्या प्रशिक्षणात आहे. तिथे शिकवतात की आधी नुसतं बघा. आई बाळाशी बोलते कशी, बाळाने बोट दाखवलं तर तिची नजर तिकडे जाते का, ते रडलं तर ती काय करते. मग विचारा आणि ऐका. ती जे नीट करते आहे त्याचं नाव घेऊन कौतुक करा. सल्ला त्यानंतर. आपल्याकडच्या बहुतेक प्रशिक्षणांत हा क्रम नेमका उलटा असतो, आणि घरात पाऊल टाकताच उपदेश सुरू होतो.

कार्डांनी काही होत नाही, असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही. पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात लेडी हेल्थ वर्कर्सनी याच संचावर बेतलेलं काम केलं. सुमारे दीड हजार माता आणि बालकं त्या अभ्यासात होती. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांत, हे काम ज्यांच्यापर्यंत पोचलं ती मुलं दोन वर्षांची होईपर्यंत आकलनात आणि भाषेत पुढे असल्याचं दिसलं. तिथे मात्र आरोग्यसेविकेचा नेहमीचा महिन्याचा फेरा होता, सोबत आयांच्या गटबैठकाही होत्या. हे लक्षात ठेवा, कारण माझी अडचण नेमकी इथूनच सुरू झाली.

आमच्या भेटी दर आठवड्याच्या होत्या. कार्डांचे वयोगट सहा. पहिल्या वर्षाचे गट छोटे आहेत, पण एक ते दोन वर्षं हा अख्खा एकच गट. म्हणजे बाळाचा पहिला वाढदिवस झाल्यापासून दुसऱ्यापर्यंत सल्ला तोच: एकावर एक रचायला वस्तू द्या, डब्यात घालू-काढू द्या, साधे प्रश्न विचारा, ते बोलू पाहील तेव्हा प्रतिसाद द्या, आजूबाजूच्या वस्तू आणि चित्रं दाखवून बोला. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. पहिल्या भेटीत आई मन लावून ऐकते. दुसऱ्या भेटीत कौतुकाने करून दाखवते. त्यापुढे मात्र ‘हो ताई, करते ना मी ते’ एवढंच कानावर पडायला लागतं.

आणि भेटीचा तास तर भरायचाच असतो. कार्यकर्ती नुसती कशी बसेल? ती वजन विचारते. कोपऱ्यात पसारा दिसला तर स्वच्छतेवर बोलते. मोठ्या मुलाची शाळा, सासूचं दुखणं, सगळी चौकशी होते. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती दीड वर्षाची पोर तेवढ्यात उठून दुसऱ्या खोलीत निघून जाते. असं काही आठवडे चाललं की खेळाची भेट तपासणीची होऊन बसते, आणि तपासणीला आपण होऊन घरात कोण घेईल? आम्हाला दार कोणी बंद केलं नाही, पण ‘आज नको, कामात आहे’ हे वाढलं. मी याची मोजदाद ठेवलेली नाही, तेव्हा याला पुरावा म्हणू नका. पण भेटींच्या वहीत खेळाच्या रकान्यात सलग तेच वाक्य, त्याच घाईच्या अक्षरात दिसायला लागलं, तेव्हा मला पुरेसं कळलं.

कार्डांवर अन्याय नको. ती दवाखान्यात किंवा दुसऱ्या एखाद्या कामाच्या निमित्ताने होणाऱ्या भेटींत वापरता यावीत म्हणून घडवलेली आहेत. पण दर आठवड्याला त्याच घरी जाणाऱ्या बाईला ती पुरी पडत नाहीत.

‘रीच अप’मध्ये ही पोकळी राहत नाही. भेटीचा साचा ठरलेला आहे: थोड्या गप्पा, गेल्या वेळचा खेळ कसा झाला ते, मग आजचा नवा खेळ. आधी कार्यकर्ती करून दाखवते, लगेच आई मुलाबरोबर करते. एखादं गाणं होतं, घरकाम करता करता मुलाशी काय बोलता येईल ते ठरतं, आणि निघण्यापूर्वी आईच सांगते की पुढच्या भेटीपर्यंत ती काय करणार आहे. खेळणं घरी ठेवून यायचं, पुढच्या वेळी ते नेऊन दुसरं द्यायचं. खेळणीही साधी, बरीचशी घरी करता येण्याजोगी: बाटलीचा खुळखुळा, कापडी बाहुली, पुठ्ठ्याची कोडी, ठोकळे, चित्रांची पुस्तकं. आज थोड्या तुकड्यांचं कोडं, ते जमलं की त्याहून जास्त तुकड्यांचं. ही चढण आईला धरून ठेवते, कारण गेल्या वेळी अडलेलं मूल या वेळी सुटलेलं तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. मूल तर दार उघडताच पिशवीकडे धावतं. कार्यकर्तीला तेवढं स्वागत पुरतं.

यामागचा मूळ अभ्यास सॅली ग्रँथम-मॅग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६-८७ मध्ये जमैकातल्या किंग्स्टनमध्ये सुरू केला. ९ ते २४ महिन्यांची, उंची खुंटलेली १२९ मुलं होती. त्यातल्या साधारण निम्म्यांच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला तासभर खेळाची भेट होत असे. ही मुलं २२ वर्षांची झाली तेव्हा त्यांची कमाई भेटी न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त निघाली. त्याच अभ्यासात ज्यांना भेटींऐवजी नुसता पूरक आहार मिळाला, त्यांच्यात असा फरक दिसला नाही. हा २५ टक्क्यांचा आकडा हल्ली प्रत्येक प्रस्तावात असतो. तो लिहिणाऱ्यांनी कोलंबियाचंही लिहावं: तिथे हीच पद्धत पुष्कळ मोठ्या प्रमाणावर, १८ महिने राबवली, संपताना फायदा दिसला आणि दोन वर्षांनी पाहिलं तर तो विरून गेलेला होता.

डोकेदुखी या वाटेवरही आहे. खेळणी सांभाळणं हा वेगळाच उद्योग होतो. एका घरून आलेलं खेळणं धुऊनच दुसऱ्या घरी जायला हवं. कोड्याचा एक तुकडा हरवला की अख्खं कोडं बाद. मोठ्या भावंडांनी ठोकळे पळवले तर आई ओशाळते, म्हणून हरवल्याबद्दल विचारायचं नाही हे आधीच ठरवून टाका. भेटी चुकल्या की आराखडा मागे पडतो, मग वय पुढे आणि खेळ मागे अशी ओढाताण होते. आम्ही सरळ मूल कुठे अडलंय ते बघून पान उघडायला शिकवलं. आणि सुरुवातीला कार्यकर्ती कागदाला फार चिकटते. नवा ड्रायव्हर गिअरकडे बघत गाडी चालवतो तशी, नजर कागदावर आणि मूल समोर. हे सरावाने जातं, पण त्यासाठी प्रशिक्षणही लांबतं, आणि अधूनमधून कोणीतरी तिच्याबरोबर घरी जाऊन बसावंच लागतं. देखरेखीला माणूस मिळणार नसेल तर हा पर्याय घेऊ नका, असंच मी सांगेन.

म्हणजे कार्डं कोणी घ्यावीत? तुमच्या भेटी महिन्याने होणार असतील, काम आरोग्यसेविकांच्या इतर कामांतच बसवायचं असेल, किंवा मुलं तीन-चार महिन्यांचीच असतील तर निःशंक कार्डं घ्या. इतक्या लहान बाळांसाठी खेळण्यांपेक्षा आईचा चेहरा आणि आवाज जास्त कामाचा, आणि ते कार्डं छान शिकवतात. माणसं कमी आणि घरं जास्त असतील तर आणखी एक वाट आहे. ओडिशाच्या ग्रामीण भागात जमैकाच्याच धर्तीवर घरोघरी आणि गटात असे दोन्ही प्रकार करून पाहिले गेले, आणि गटातल्या मुलांचा फायदा घरभेटींच्या जवळपास निघाला.

पण दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला, त्याच घरी, वर्षभर जायचं असेल तर माझं मत आराखड्याच्या बाजूने. त्यातही एक जोड द्या: प्रशिक्षणाचे पहिले दिवस कार्डांच्या पद्धतीने घ्या, बघणं आणि कौतुक अंगवळणी पडू दे, मग आराखडा हातात द्या. प्रशिक्षणात खरी मुलं आणि खऱ्या आया हव्यातच. मोठ्यांनीच बाळ होऊन केलेला सराव रंगतो खूप, पण कुठलंही खरं मूल दोन मिनिटांत तो उधळून लावतं. खेळणी धुणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसाचे तास प्रस्तावातच वेगळे मांडा. मंजुरीनंतर मागायला गेलात तर ते काम कार्यकर्तीच्याच गळ्यात पडतं.