दहा महिने, ३२०० किलोमीटर आणि सहा दाते

फेब्रुवारीत घेतलेल्या हायब्रिड सायकलीला दहा महिने झाले. पुढे तीन गिअर, मागे सात, ७००-३५चे टायर, मेकॅनिकल डिस्क ब्रेक. बाकी तपशिलात शिरत नाही. मला लिहायचंय ते फक्त सगळ्यात हलक्या गिअरबद्दल. अठरा हजार मोजून घेतलेल्या सायकलीत कंपनीने नेमकी तिथेच काटकसर केली आणि माझा अख्खा उन्हाळा सिंहगडाच्या रस्त्यावर सायकल ढकलण्यात गेला.

हिशोब साधा आहे. पुढची, म्हणजे पायडलजवळची, सगळ्यात लहान चेनरिंग (दातेरी चक्री) २८ दात्यांची आणि मागची सगळ्यात मोठी चक्रीही २८चीच. म्हणजे पायडल एकदा फिरलं की चाक एकदा फिरणार आणि सायकल साधारण २.१७ मीटर पुढे जाणार. खडकवासल्यापर्यंत याचं काहीच वाटत नाही. गोळेवाडीचा नाका ओलांडला की कळतं. पायडलचे मिनिटाला पन्नास फेरे ठेवायचे तर ताशी साडेसहाचा वेग लागतो आणि त्या चढावर माझ्या पायांत तेवढा दम नाही. फेरे चाळीसवर येतात, मग तीसवर. प्रत्येक पायडल उभं राहून दाबावं लागतं. गुडघ्याच्या वाटीखाली कळ सुरू होते, हँडल डावी-उजवीकडे भेलकांडतं, आणि मागून गाडीचा हॉर्न आला की पाय टेकावाच लागतो. एप्रिल-मेमध्ये चार वेळा गेले आणि चारही वेळा जवळपास त्याच वळणावर उतरले. वर जाऊन मडक्यातलं दही खाल्लं खरं, पण चढून आल्याचा आनंद काही झाला नाही.

सायकल ग्रुपमधले काका म्हणाले, पाय तयार व्हायला वेळ लागतो. पटलं. पावसाळाभर आठवड्यातून दोनदा बोपदेव घाट केला. जुलैअखेर बोपदेव न थांबता व्हायला लागला, वजन चार किलो उतरलं. ऑगस्टमध्ये पुन्हा सिंहगड. त्याच वळणाच्या जरा पुढे उतरले! त्या दिवशी मला खरा संताप आला, कारण माझ्याकडून करायचं ते मी सगळं केलं होतं.

इथे माझं एक ठाम मत झालंय. चढ अवघडच हवा, त्यासाठी तर पहाटे साडेचारला उठतो. पण अवघड म्हणजे बसून, धापा टाकत का होईना, पायडल फिरत राहील इतपत अवघड. अंगातला सगळा जोर लागला पाहिजे आणि तो पुरलाही पाहिजे. नुसती ढकलावी लागली तर त्या राइडची आठवण राहत नाही, सल राहतो.

दुकानात गेले. मागची चक्री जितकी मोठी तितकं पायडल हलकं, म्हणून मागे ३४ दात्यांपर्यंतचं फ्रीव्हील (मागच्या सातही चक्र्यांचा एकत्र संच) टाकून द्या म्हटलं. ‘मॅडम, तुमच्या डिरेलरला चालत नाही. सगळा सेट बदलावा लागेल, साडेसहा हजार.’ दुसऱ्यांदा गेले तर नवी सायकल बघा म्हणाले. तिसऱ्यांदा मी डिरेलरचा (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) मॉडेल नंबर आणि त्याची ३४ची मर्यादा मोबाइलवर उघडून दाखवली, तर ‘वॉरंटी जाईल’. मध्यमवर्गीय माणसाने वर्षभर साठवून घेतलेली वस्तू आहे ही, आणि सहा दात्यांसाठी साडेसहा हजार मागायचे?

शेवटी पेठेतल्या जुन्या सायकल मेकॅनिक काकांकडे गेले. फ्रीव्हील आट्यांवर बसतं आणि आपण पायडल मारू तसतसं आणखी आवळत जातं. आठ महिन्यांच्या घाटांनी ते असं बसलं होतं की लांब पान्यालाही दाद देईना. काकांनी पाना बाकावरच्या व्हाइसमध्ये उभा धरला, त्यावर चाक आडवं ठेवलं आणि मला म्हणाले, ‘ताई, त्या बाजूने रिम धरा.’ एसटीच्या स्टिअरिंगसारखं दोघांनी मिळून ते चाक फिरवलं. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा कट्कन सुटलं. नवं १४-३४ लावलं, म्हणजे सगळ्यात लहान चक्री १४ दात्यांची आणि सगळ्यात मोठी ३४ची. जुनी चेन आखूड पडत होती आणि ताणलेलीही होती, म्हणून नवी चेन. डिरेलरची वरची चक्री मोठ्या दात्यांना घासत होती, ती एका स्क्रूने खाली घेतली. फ्रीव्हील ८५०, चेन ४५०, मजुरी १५०. एकूण १४५० रुपये.

आता एका फेऱ्याला १.७९ मीटर. पन्नास फेरे ठेवायला ताशी ५.४चा वेग पुरतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी सिंहगड पाय न टेकता केला. ते वळण गेलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

मात्र महिनाभराने मत थोडं बदललं, तेही लिहायला हवं. या फ्रीव्हीलमध्ये २४ नंतर थेट ३४ आहे, मधलं काहीच नाही. बोपदेवला २४ जड आणि ३४ फारच हलका. पाय नुसते गरगर फिरतात, लय तुटते. २८ हवाच होता, पण शेवटून दुसरा. कंपनीवरचा राग कायम आहे, पण माझा उपायही पूर्ण नाही.

डिसेंबरात तीन दिवसांची फेरी केली. पुणे-भोर-वरंधा घाट-महाड, दुसऱ्या दिवशी पोलादपूरहून आंबेनळीने महाबळेश्वर, तिसऱ्या दिवशी पसरणी उतरून वाईमार्गे घरी. पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला आणि महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास. मधे चाळीसेक किलोमीटर. सिंहगडासारखा अंगावर येणारा चढ नाही, पण संपतच नाही. सकाळी सावलीत गारठा, वळण घेतलं की ऊन, परत गारठा. खाली सावित्रीचं खोरं धुक्यात. घामाचे थेंब टपटप फ्रेमच्या दांड्यावर पडून वाळत होते, पांढरे मिठाचे डाग उरत होते. एसटी शेजारून हळूच गेली, कंडक्टरने खिडकीतून हात केला. प्रतापगडाचा फाटा येईपर्यंत मी २४वरच होते. मोठ्या चक्रीला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. कुंभरोशीला चहा घेतला, पुढे मांड्या भरून आल्या आणि मग लिव्हर दाबला. चेन खट्टदिशी ३४वर चढली आणि पाय पुन्हा फिरायला लागले. तिथून वरपर्यंत एकदाही उतरले नाही. दहा महिन्यांत मला वळणवळण आठवणारी राइड ही एकच.

बाकी थोडक्यात. सीट पहिल्याच महिन्यात बदलली. पंक्चर तीन. पसरणीच्या उतारावर मागचे ब्रेक पॅड संपत आले, ते या आठवड्यात पेठेतल्या काकांकडूनच बदलून घेणार आहे. नवी घेणाऱ्यांनी दुकानात मागच्या मोठ्या चक्रीचे दाते स्वतः मोजावेत.