आमचा नागरिक संघ: आराखड्याच्या कामाला पाचपैकी चार तारे

नवीन राहायला आलेले लोक विचारतात, सोसायटीचा मेंटेनन्स भरतोय, मग संघाची वर्गणी वेगळी कशाला? कारण सोसायटीचं काम कंपाउंडच्या भिंतीपाशी संपतं. भिंतीबाहेरचा रस्ता, मैदान, नाला आणि पुढच्या वीस वर्षांत इथे काय उभं राहणार, याकडे बघायला सोसायटीकडे ना वेळ असतो ना अधिकार. आमच्याकडे ते काम नागरिक संघ करतो. मी इथे भाड्याने राहते, मुलगी इथेच लहानाची मोठी झाली, आणि शहराचा प्रारूप विकास आराखडा (डीपी), म्हणजे कुठे काय होणार त्याचा कच्चा मसुदा, आला तेव्हा संघ कसा चालतो ते मी जवळून पाहिलं.

आराखड्यात आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमधून 12 मीटर रुंदीचा नवा रस्ता दाखवला होता. मुलं खेळतात तीच जागा. चूक खरं तर आधीच झाली होती. आराखडा आखण्याअगोदर जमिनीचा सध्याचा वापर दाखवणारा नकाशा तयार करतात, त्यात ही जागा नुसता रिकामा भूखंड म्हणून रंगवली होती. कागदावर रिकामी दिसणाऱ्या जमिनीतून रस्ता काढणं सोपंच. असं इतरत्रही झालंय. मुंबईचा 2014 ते 2034 चा प्रारूप आराखडा फेब्रुवारी 2015 मध्ये आला तेव्हा त्यात इतक्या चुका निघाल्या आणि लोकांचा विरोध इतका झाला, की सरकारने एप्रिलमध्ये तो रद्द केला. दुरुस्त केलेला प्रारूप 2016 मध्ये आला.

आमच्याकडे बातमी पसरली तशी पहिली मागणी मोर्चाची झाली. दुसरी मागणी म्हणजे एकाच मजकुराच्या शेकडो प्रती काढून घरोघरी सह्या घ्यायच्या. संघाच्या सचिव बाईंनी दोन्ही थांबवलं नाही, पण स्वतःचा वेळ त्यात घालवला नाही. त्यांनी कॉलनीच्या मंजूर रेखांकनाची, म्हणजे लेआउटची, प्रमाणित प्रत काढली, ती डीपी शीटच्या, म्हणजे आराखड्यातल्या आमच्या भागाच्या नकाशाच्या, स्केलला आणून ट्रेसिंग पेपरवर उतरवली आणि शीटवर ठेवली. रस्त्याची आखणी ओपन स्पेसच्या बरोबर मधून जाते हे शाळकरी पोरालाही दिसलं असतं. 40 गुंठ्यांच्या वरच्या रेखांकनात 10 टक्के जागा खुली सोडावीच लागते आणि ही तीच जागा आहे, एवढा एक मुद्दा धरून हरकत लिहिली. शीट क्रमांक, सर्व्हे नंबर, मंजुरीची तारीख, सोबत नकाशा. भावनेचं एक वाक्य नाही. मला तेव्हा ते फार कोरडं वाटलं होतं, पण सुनावणीत त्याचं मोल कळलं.

सुनावणीला नियोजन समितीसमोर प्रत्येकाला अगदी थोडा वेळ मिळतो. आमच्या पुढचे गृहस्थ तळमळीने बोलले, पण कोणत्या शीटवर काय बदल हवा ते त्यांना सांगता आलं नाही आणि वेळ संपली. आमचा नंबर आला तेव्हा ट्रेसिंग पेपर थेट समितीच्या टेबलावर गेला. समितीने विचारलं, रस्ता इथून नको तर कुठून नेऊ? अशा वेळी बहुतेक संघ गप्प होतात. आमच्याकडे उत्तर तयार होतं: सध्याचा 9 मीटरचा अंतर्गत रस्ता दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर वाढवा.

हे उत्तर तयार करणं सगळ्यात अवघड होतं. ते दीड मीटर आकाशातून पडणार नव्हते, सभासदांच्याच अंगणातून जाणार होते, आणि त्यात संघाचे पदाधिकारीही होते. सभा रात्री उशिरापर्यंत चालायच्या, आवाज चढायचे, एकदा तर अध्यक्ष राजीनामा खिशात घेऊनच आले. तरी शेवटी ठराव झाला. स्वतःचं थोडं सोडून मैदान वाचवायला लोक तयार झाले, याचा मला फार अभिमान वाटतो. रस्ता सरकला. मैदान आहे तिथेच आहे.

संघाचं आणखी एक काम कोणाच्या नजरेत येत नाही. आराखड्यात शाळा, बाग अशा कामांसाठी राखून ठेवलेल्या जमिनींना आरक्षण म्हणतात; परिसरातल्या अशा प्रत्येक आरक्षणाची नोंद त्यांनी एका वहीत ठेवली आहे. आराखडा अंतिम झाल्यापासून 10 वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही, तर जमीनमालक ती विकत घ्या अशी नोटीस पालिकेला देऊ शकतो, आणि पुढच्या 24 महिन्यांत भूसंपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. शाळेचं, बागेचं, दवाखान्याचं आरक्षण असं गुपचूप जातं आणि लोकांना बांधकाम सुरू झाल्यावर समजतं. संघ त्या तारखांवर लक्ष ठेवून दरवर्षी पालिकेच्या बजेटच्या आधी तिला पत्र देतो. एवढ्याचसाठी मी वर्गणी भरायला तयार आहे.

एक तारा कापला तो भाडेकरूंसाठी. संघाच्या नियमांनुसार मी सहयोगी सदस्य आहे: वर्गणी पूर्ण, मत शून्य. रस्त्याच्या ठरावावर माझ्यासारख्या कुणालाही हात वर करता आला नाही, आणि मैदान सगळ्यात जास्त वापरतात ती आमचीच आणि मागच्या वस्तीतली मुलं. आराखड्यावर हरकत घ्यायला मात्र कायद्याने मालकी लागत नाही, कोणीही लेखी हरकत देऊ शकतं. मी माझी वेगळी दिली. सचिव बाईंनी ती तपासून दिली, पण वस्तीत जाऊन कोणी हे सांगितलं नाही. तिथून एकही हरकत आली नाही.

पथविक्रेत्यांच्या बाबतीतही संघ कमी पडतो. 2014 च्या कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे असतात आणि रहिवासी संघांनाही तिथे जागा आहे. म्हणजे कोणी कुठे बसायचं ते एकत्र ठरवता येतं. आमचा संघ अजून फक्त 'हटवा' एवढंच लिहितो. ज्या लोकांनी स्वतःचं अंगण सोडून रस्त्याला पर्याय शोधला, त्यांना हातगाड्यांसाठी दोन जागा सुचवणं जमणार नाही असं मी मानत नाही.

तुमच्या भागातल्या संघात जायचं असेल तर आधी तीन गोष्टी मागून बघा: मागच्या वर्षाची इतिवृत्तं, परिसराची डीपी शीट आणि मतदानाचा नियम. पहिल्या दोन आमच्याकडे त्याच दिवशी मिळतात. तिसरा बदलावा म्हणून मी आणि आणखी काही भाडेकरूंनी येत्या वार्षिक सभेसाठी अर्ज दिला आहे.