‘पेस्ट-बिस्ट काही लागत नाही’ म्हणणाऱ्या दुकानदारापासून सावध राहा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. बारावीचा निकाल लागला की दाखल्यांसाठी रांग लागते, आणि नेमका तेव्हाच पारा ४५ वर असतो. यंदा फॉर्म भरता भरता कॉम्प्युटर बंद पडू लागला. आधी पंखा घरघरायचा, मग सगळं मंद व्हायचं, मग स्क्रीन काळी. थोडा वेळ थंड झाला की पुन्हा सुरू.

तालुक्याच्या दुकानात नेला. दुकानदार डबा घेऊन आत गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, “प्रोसेसर जळला भाऊ, बदलावा लागते.” प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य चिप. २,८०० रुपये घेतले. साध्या चिठ्ठीवर ‘रिपेरिंग’ एवढंच लिहिलं. ना मॉडेल, ना जीएसटी नंबर. पंख्याखाली पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावतात ती थर्मल पेस्ट) लावली का विचारलं, तर हसला. “पेस्ट-बिस्ट काही लागत नाही राजेहो, कंपन्यायचे धंदे हायेत ते!”

घरी आणल्यावर कॉम्प्युटर पहिल्यापेक्षा जास्त रखडायला लागला. अमरावतीला इंजिनिअरिंग करणारा भाचा सुट्टीत आला होता. त्यानं विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचं नाव पाहिलं आणि विचारलं, “मामा, तुमच्याकडं आय फाइव्ह होता ना?” खरेदीचं बिल काढलं. त्यावर आय फाइव्ह ४५७० स्वच्छ लिहिलेलं, म्हणजे चार कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग). आत बसवला होता पेंटियम जी ३२२०, दोन कोअरचा. दोघांचा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, एकच, ११५०, त्यामुळे बिनबोभाट बसतो. वर हीटसिंक, म्हणजे पंख्याखालचा उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, पेस्ट न लावता कोरडाच ठेवलेला.

मुळात प्रोसेसर गरमीनं सहसा जळतच नाही. १०० अंशांच्या आसपास गेला की तो आपला वेग कमी करतो, तरी तापत राहिला तर मशीनच बंद करतो. माझ्याकडं तेच होत होतं. जुनी पेस्ट वाळली असणार. प्रोसेसरचं झाकण आणि हीटसिंक दिसायला गुळगुळीत, पण मध्ये बारीक फटी असतात, त्यांत हवा अडकते आणि हवेतून उष्णता नीट जात नाही. पेस्ट त्या फटी भरते. हरभऱ्याच्या दाण्याएवढी पुरते. थापली तर उलट तोटा, कारण धातूच्या मानानं पेस्टही कमीच उष्णता वाहून नेते. डबाबंद नव्या प्रोसेसरसोबतच्या कूलरला (हीटसिंक आणि पंखा मिळून) बहुतेकदा पेस्ट आधीच लावलेली असते, तिथं वेगळी लागत नाही. पण एकदा कूलर उचलला की जुनी पुसून नवी लावायलाच हवी. भाच्यानं ट्यूब आणून लावली, पंखा शांत झाला. दोनशेच्या आत काम.

बिल घेऊन दुकानात गेलो. “तुमच्यात हाच होता,” म्हणे. जळलेला जुना दाखव म्हटलं, तर तो भंगारात गेलेला! राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, बिल आणि चिठ्ठी जोडून. तिथं नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं शुल्क नाही.

तुम्ही कॉम्प्युटर देण्याआधी टास्क मॅनेजरमधल्या प्रोसेसर आणि रॅमचा मोबाइलवर फोटो काढा, परत घेताना दुकानातच सुरू करून ताडून पाहा. बदललेला जुना भाग मागून घ्या, आणि चिठ्ठीवर मॉडेल लिहिल्याशिवाय पैसे देऊ नका.