कॉम्प्युटरवरचे फोटो-व्हिडिओ टॅबवर न्यायचेत: केबल, पेनड्राइव्ह, वायफाय की क्लाउड?

घरात नवीन टॅब आला की दोन दिवसांत हा प्रश्न येतोच, लॅपटॉपवर वर्षानुवर्षं साठलेले फोटो, लग्नाचा व्हिडिओ, बाबांनी कॅसेटवरून उतरवून ठेवलेली नाट्यगीतं, हे सगळं यात कसं टाकायचं? आणि कोणालाही विचारा, जो तो आपल्याला जमलेलीच पद्धत सांगतो. माझं मत आधीच सांगून टाकते: पहिल्यांदा मोठा ढीग न्यायचा असेल तर अँड्रॉइडला केबल, आयपॅडला पेनड्राइव्ह. नंतर अधूनमधून चार-सहा फाइली टाकायच्या असतील तर घरचं वायफाय. क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची गूगल किंवा आयक्लाउडसारखी साठवणीची जागा, हा ढीग हलवायचा रस्ता नाहीये, ते वेगळ्या कामाचं आहे, त्यावर पुढे बोलते.

आधी वेळेचा हिशोब करू म्हणजे बरंचसं आपोआप ठरेल. धरा ६० जीबी न्यायचंय. बहुतेक स्वस्त टॅबना यूएसबी २.० असतं, ते कागदावर ४८० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ६० एमबी, पण प्रत्यक्षात ३०-३५ एमबी मिळतात, म्हणजे साधारण अर्धा तास. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर असेल आणि राउटर त्याच खोलीत असेल तर पाऊण तास-तासाभरात होतं, पण जुन्या २.४ गिगाहर्ट्झच्या राउटरवर सेकंदाला ५ एमबी मिळाले तर तेच काम सव्वातीन तासांच्या वर जातं. क्लाउडला ४० एमबीपीएसच्या लाइनवर तेवढेच सव्वातीन तास फक्त अपलोडला लागतात, मग तेच सगळं टॅबवर परत उतरवायचं, आणि टॅब गावाला आई-बाबांकडे असेल, तिथे मोबाईलचा दिवसाला २ जीबीचा पॅक असेल तर निव्वळ उतरवायलाच महिना जाईल.

आता केबल. अँड्रॉइड टॅब आणि विंडोज लॅपटॉप ही जोडी सगळ्यात सोपी. केबल लावायची, टॅबवर वरून नोटिफिकेशन ओढायचं, तिथे चार्जिंगच्या जागी फाइल ट्रान्सफर निवडायचं, की टॅब ड्राइव्हसारखा दिसायला लागतो, मग कॉपी-पेस्ट. टॅब दिसतच नसेल तर बऱ्याचदा केबलचा दोष, कारण कित्येक केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच, त्यामुळे सेटिंगमध्ये तासभर शोधाशोध करण्याआधी दुसरी केबल लावून बघा. एक मात्र आहे, हजारो लहान फोटो एकाच मोठ्या व्हिडिओपेक्षा जास्त वेळ खातात, म्हणून वर्षावार फोल्डर करून एकेक फोल्डर टाका, मध्येच तुटलं तरी कुठपर्यंत आलं होतं ते कळतं. आणि अशा कॉपीत फाइलची तारीख बऱ्याचदा आजची होऊन बसते. कॅमेऱ्याच्या फोटोंना फरक पडत नाही, त्यांची तारीख फोटोच्या आतच लिहिलेली असते, पण व्हॉट्सअॅपवरून आलेले आणि स्कॅन केलेले जुने फोटो सगळे आजच्या दिवसाखाली जमा होतात. त्यांना फोल्डरच्या नावातच वर्ष लिहा, उदाहरणार्थ '१९९४ आजीची पंचाहत्तरी'. मॅकवाल्यांना अँड्रॉइड टॅब आपोआप दिसत नाही, त्यासाठी ओपनएमटीपी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते टाकावं लागतं.

आयपॅडचं केबलवालं प्रकरण वेगळं आहे आणि इथे लोक हमखास वैतागतात. विंडोजला आयपॅड लावला की त्यातले फोटो बाहेर काढता येतात पण आत पेस्ट करता येत नाहीत. आत टाकायला आयट्यून्स किंवा अॅपलचं डिव्हायसेस अॅप लागतं, मॅकवर २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून ते फाइंडरमध्येच (मॅकच्या फाइली बघायच्या खिडकीत) आहे. पण असे सिंक केलेले (कॉम्प्युटरशी जुळवून टाकलेले) फोटो आयपॅडवरून डिलीट करता येत नाहीत, परत त्याच कॉम्प्युटरला लावून काढावे लागतात, आणि आयक्लाउड फोटोज चालू असेल तर केबलने फोटो सिंक होतच नाहीत. म्हणून मी आयपॅडला केबल सुचवत नाही, व्हिडिओ व्हीएलसीसारख्या प्लेयर अॅपमध्ये टाकायचे असतील तेवढ्यापुरती ठीक.

पेनड्राइव्ह मला मनापासून आवडतो, आणि विशेषतः टॅब दुसऱ्या गावी असेल तर याला तोडच नाही. एका बाजूला साधं यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला टाइप-सी असलेले पेनड्राइव्ह सगळीकडे मिळतात. आयपॅडमध्ये २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून फाइल्स अॅपमध्ये पेनड्राइव्ह सरळ उघडतो, जुन्या लाइटनिंगवाल्या आयपॅडला मात्र अॅडॅप्टर लागतो. यात एकच गोष्ट आधी तपासा, ती म्हणजे फॉरमॅट, पेनड्राइव्हवर फाइली साठवायची पद्धत. फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही, आणि लग्नाचा व्हिडिओ हमखास त्याहून मोठा असतो. एनटीएफएस असेल तर बरेच अँड्रॉइड टॅब वाचत नाहीत. म्हणून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, विंडोज, मॅक, आयपॅड सगळीकडे चालतं, अँड्रॉइडचं म्हणाल तर बहुतेक नवीन टॅब वाचतात, अगदी स्वस्त किंवा जुना असेल तर एक फाइल टाकून बघा. फॉरमॅट करताना त्यावरचं सगळं पुसलं जातं हे लक्षात असू द्या. आणि यातला खरा फायदा म्हणजे कॉपी झाल्यावर पेनड्राइव्ह तसाच कपाटात ठेवता येतो, आयती एक जादा प्रत झाली. टॅबला मेमरी कार्डची जागा असेल तर तेही असंच काम करतं, आयपॅडला ती सोय नाही.

वायफायने न्यायचं तर लोकलसेंड नावाचं अॅप. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयपॅड सगळ्यांवर चालतं, इंटरनेट लागत नाही, दोन्ही गोष्टी एकाच वायफायवर हव्यात एवढंच. राउटर नसेल तर फोनचा हॉटस्पॉट चालतो. दोघं एकमेकांना दिसत नसतील तर एक जण गेस्ट वायफायवर आहे का बघा, नाहीतर विंडोजच्या फायरवॉलने (बाहेरची जोडणी अडवणाऱ्या सुरक्षेच्या सोयीने) अडवलेलं असतं. मोठी फाइल जात असताना टॅबची स्क्रीन बंद होऊ देऊ नका. विंडोज ते अँड्रॉइडला गूगलचं क्विक शेअर आणि मॅक ते आयपॅडला एअरड्रॉप हे पण छान आहेत. फक्त सिनेमे-मालिका बघायच्या असतील तर आयपॅडवर व्हीएलसीमध्ये वायफायने शेअर करायची सोय आहे, ते एक पत्ता दाखवतं, तो लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये उघडून फाइल ओढून सोडायची.

क्लाउडचं म्हणाल तर गूगलवर फुकट १५ जीबी, त्यातच जीमेल आणि ड्राइव्ह पण आलं, आणि १ जून २०२१ पासून चढवलेले फोटो त्यात मोजले जातात. आयक्लाउडवर फुकट ५ जीबीच. गूगल फोटोजमध्ये स्टोरेज सेव्हर (जागा वाचवायची सेटिंग) चालू असेल तर १६ मेगापिक्सेलवरचे फोटो लहान होतात आणि व्हिडिओ १०८०पी दर्जावर येतात. पण मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते: टॅबवर तुमचंच खातं उघडलेलं असेल तर इथे जे दिसतं ती प्रत नसते, तोच फोटो असतो. आईने टॅबवर जागा करायला म्हणून डिलीट केला तर तो तुमच्याकडूनही जातो, काही दिवस ट्रॅशमध्ये राहतो आणि मग कायमचा. ज्यांना टॅबचा सराव नाही त्यांच्या हातात वेगळी प्रत द्या, मग त्यांना हवं ते पुसू दे. नातवंडांचे नवीन फोटो आपोआप दिसत राहावेत यासाठी मात्र शेअर केलेला अल्बम खरंच सोन्यासारखा आहे, तिथे क्लाउडच हवं.

व्हॉट्सअॅपने पाठवणाऱ्यांनी निदान डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो.

आणखी एक, आयपॅडचा स्वतःचा प्लेयर एमकेव्ही प्रकारचे व्हिडिओ चालवत नाही आणि जुन्या एव्हीआय फाइली तर बऱ्याच टॅबवर अडतात, म्हणून टॅब कोणाच्याही हातात देण्याआधी त्यात व्हीएलसी टाकून ठेवा. कॉपी झाली की दोन्हीकडे फोल्डरमधल्या फाइलींचा आकडा जुळतोय का बघा, मोठा व्हिडिओ शेवटच्या पाच मिनिटांवर नेऊन चालवून बघा, आणि लॅपटॉपवरचं मूळ तसंच राहू दे.