पावसाळ्यात सातेरीला परागपूरक वडी: जून ते ऑक्टोबरचा अनुभव

जावळी खोऱ्यात आमच्याकडे सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, आठ पेट्या आहेत. दर पावसाळ्यात नुसता साखरेचा पाक द्यायचो आणि दर पावसाळ्यात एक-दोन वसाहती हातच्या जायच्या. काही पळून जायच्या, काहींना मेणकिडा लागायचा. यंदा जूनपासून चार पेट्यांना पाकासोबत तयार परागपूरक वडी (परागाची उणीव भरून काढणारं खाद्य) दिली, बाकी चारांना फक्त पाक.

पाकाने माशीला उडायचं बळ मिळतं. पिल्लं वाढवायला प्रथिनं लागतात, आणि ती येतात परागातून. तरुण दाई माश्या पराग खातात, त्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींत दुधासारखा रस तयार होतो आणि तो अळ्यांना भरवला जातो. आठ-आठ दिवस झड लागली की पराग संपतो, मागोमाग रसही आटतो. जुलैत उघडीप मिळाली तेव्हा नुसत्या पाकावरच्या पेटीतली चौकट उजेडाकडे तिरपी धरली. अळ्या कोरड्या घरांत वेटोळं करून पडल्या होत्या. चार दिवसांनी त्यातली बरीच घरं रिकामी दिसली. माश्यांनीच पिल्लं खाल्ली होती. पोटात कालवलं अगदी. वडीच्या पेटीत मात्र प्रत्येक अळी पांढऱ्या रसात तरंगत होती, तिरप्या उजेडात घरं चकाकत होती.

वडीत सोयाबीनचं पीठ, यीस्ट आणि साखर आहे. पहिले पाच-सहा दिवस सातेरीने तिला तोंडही लावलं नाही. मग आपल्याच पेटीतला चमचाभर मध कालवून पिल्लांच्या चौकटींवर ठेवली, तेव्हा खाऊ लागल्या. बाजारचा मध चुकूनही वापरू नका, त्यातून रोग येतो. 1991-92 मध्ये दक्षिणेत अळ्या मारणाऱ्या थाई सॅकब्रूड विषाणूने सातेरीच्या वसाहतींची काय दैना केली, ते जुन्या मधपाळांना विचारा. दुधाची पावडरही नको, त्यातली साखर माशीला पचत नाही.

तुकडा सुपारीएवढाच ठेवा. मोठा ठेवला तर आमच्याकडच्या दमट हवेत तिसऱ्या दिवशी बुरशी धरते आणि मुंग्या येतात.

एक तक्रार आहे. ऑगस्टच्या खेपेवर बनवल्याची तारीखच नव्हती, वासही खवट येत होता. माश्यांनी तिचा भुगा करून दाराबाहेर टाकला. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "माशीला काय कळतंय?" चांगलं कळतं. पाकीट फोडून वास घेतल्याशिवाय आता मी घेत नाही.

वडीच्या चारही वसाहती टिकल्या आणि ऑक्टोबरात कारळा फुलला तेव्हा जोमात होत्या. पाकावरच्या चारांपैकी दोन ऑगस्टमध्ये पळाल्या, एक मेणकिड्याने गेली. चार-चार पेट्यांवरून छातीठोक सांगता येत नाही, पण पुढच्या जूनमध्ये मी सगळ्यांनाच वडी देणार.

सप्टेंबरच्या शेवटी तेरडा फुलला. माश्या पाठीवर पांढरा पराग माखून आत शिरू लागल्या, आणि त्या आठवड्यात ठेवलेली वडी तशीच पडून राहिली. मी ती काढून घेतली.