अँटी-बुलिंग वर्कशॉप, पालकांसाठी (5 पैकी साडेतीन स्टार)

शाळेने ठेवलेलं तीन तासांचं वर्कशॉप, घ्यायला बाहेरची संस्था येते. नाव देत नाही कारण पुढे थोडं वाईटही लिहायचंय. खरं सांगायचं तर मी वैतागूनच गेलेलो. मुलगा सहावीत, बोलताना अडखळतो, मागचं अख्खं वर्ष वर्गात त्याचं नाव 'ततपप' आणि आम्ही दर वेळी शाळेत जायचो तर एकच उत्तर, अहो मुलं आहेत, चालायचंच.

पण सुरुवात झकास झाली. स्लाइड नाही, भाषण नाही, मॅडमनी खडूने जमिनीवर तीन चौकोन काढले, मस्करी, भांडण, छळ, आणि प्रत्येकाच्या हातात एक कार्ड दिलं, म्हणाल्या ठेवा जिथे बसतं तिथे. माझ्या कार्डावर होतं, 'वर्गाचा ग्रुप तसाच ठेवून नवीन ग्रुप काढला, त्यात सगळे आहेत, फक्त ती नाही.' मी बिनधास्त भांडणात टाकलं. शेजारचे एक बाबा तर म्हणाले यात काय एवढं, ना मारलं ना शिवी दिली.

मग मॅडमनी तीन प्रश्न विचारायला लावले. मुद्दाम केलंय का, परत परत होतंय का, आणि ज्याला होतंय त्याला उलटून काही करता येतंय का. ही तीन टोकांची व्याख्या नॉर्वेच्या डॅन ओल्वेउस यांची, 1970 च्या दशकापासून ते यावर संशोधन करत होते, आजही बहुतेक ठिकाणी याच धर्तीवर शिकवतात. तिसरा प्रश्न सगळ्यात भारी. ताकद म्हणजे दंड नाही फक्त, एकीकडे अख्खा वर्ग नि दुसरीकडे एकटी पोरगी, कुणी वर्षाच्या मधेच आलेला, कुणाची भाषा वेगळी, कुणाचा 'त' अडकतो. दोन तोडीस तोड पोरांनी एकमेकांना बुकललं तर ते भांडण, त्यांना समोरासमोर बसवून मिटवता येतं. छळात तसं बसवलं की ज्याला त्रास होतोय तो त्यांच्या तोंडाकडे बघून 'काही नाही सर, मस्करी चाललेली' असं म्हणून मोकळा होतो. आमच्याकडे डिट्टो हेच झालेलं, केबिनमध्ये ती दोन पोरं याच्या शेजारी उभी, हा मान खाली घालून नाही नाही म्हणतोय आणि सर माझ्याकडे बघून, बघा, तोच म्हणतोय. घरी येऊन मी त्यालाच ओरडलो होतो, तिथे का नाही बोललास म्हणून. असो.

मी मधेच विचारलं की एकदाच झालं तर काय, मग छळ नाही का? कारण अमेरिकेत न्यू जर्सी राज्याचा कायदा मी घरी वाचून गेलेलो, तिथे एकच घटनाही धरतात. मॅडम गडबडल्या नाहीत. म्हणाल्या एक फोटो एकदाच टाकला तरी पुढे चाळीस जण फॉरवर्ड करतात, ते परत परतच झालं की, आणि हे तीन प्रश्न समजायला सोपे म्हणून आहेत, तक्रार घेताना एकदा झालेलंही घ्यायचंच. पटलं.

बघ्यांवरचा भाग पण मस्त होता. कॅनडात मैदानावर चित्रीकरण करून अभ्यास केलेला, 2001 मध्ये छापून आला, त्यात छळाच्या 88 टक्के प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं होती पण मधे पडली फक्त 19 टक्के वेळा, आणि पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा 10 सेकंदांत प्रकार थांबला. म्हणून मुलांना हिरो बना असं सांगायचंच नाही. 'चल, तुला सरांनी बोलावलंय' एवढं म्हणून त्याला तिथून बाहेर काढायचं, बास. हे मुलांच्या सेशनला करून पण घेतलं म्हणे. पोराला विचारलं तर म्हणाला हां, ते ठीक होतं. त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

आता राग. तक्रार केल्यावर पुढे काय, याला शेवटची जेमतेम वीस मिनिटं, त्यातली दहा प्रतिज्ञेच्या फलकावर सगळ्यांच्या सह्या घेण्यात गेली. सह्या कशाला हव्यात ते मला अजून कळलं नाही. तक्रारपेटी लावलीय ती स्टाफरूमच्या दारासमोर, सुट्टीत तिथे एवढी वर्दळ की चिठ्ठी टाकणारा आधी सगळ्यांना दिसणार, दुसऱ्या मिनिटाला चुगलखोर ठरणार. आणि फॉर्म! 'काय घडले' याला एक ओळ, 'त्याआधी तुम्ही काय केले होते' याला तीन ओळी. चौकशी कधी सुरू होणार, कधी संपणार, घरी कोण कळवणार, काहीही नाही. न्यू जर्सीत तक्रार आल्यावर शाळेच्या एका दिवसात चौकशी सुरू करायची आणि शाळेच्या 10 दिवसांत संपवायची असं लिहून ठेवलंय, इथे निदान एखादी तारीख टाकायला रकाना तरी द्या.

कहर म्हणजे फॉर्मच्या तळाशी शेवटची पायरी, 'दोन्ही विद्यार्थ्यांना एकत्र बसवून समज देणे.' म्हणजे दोन तास जे करू नका म्हणून शिकवलं तेच! मी फॉर्म नेऊन मॅडमना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, म्हणाल्या हा आमच्या ऑफिसकडून येतो, मी बघते.

तुमच्या शाळेत ठेवणार असाल तर जरूर ठेवा, कार्डांसाठी तरी बसाच, फक्त फॉर्म आधी मागवून घ्या आणि पेटी कुठे टांगायची ते मुलांना विचारा, मास्तरांना नाही. दीड स्टार फॉर्मचा कापलाय, नवीन आला की रिव्ह्यू एडिट करतो.