लहान मुलांना घेऊन सिंगापूर : पैसे कुठे वसूल झाले आणि कुठे नाही

अडीच वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि गुडघ्यांनी कुरकुरणाऱ्या सासूबाई असं लटांबर घेऊन पहिल्यांदाच परदेशात जायचं असेल तर माझं मत डोळे झाकून सिंगापूरला. आणि ते फोटोत दिसणाऱ्या ठिकाणांमुळे नाही हं, फुटपाथ, लिफ्ट आणि स्वच्छ टॉयलेटमुळे. हसताय ना? हसा. कडेवर पेंगलेलं पोर, एका हातात पाण्याची बाटली आणि मोठ्याला नेमकी याच क्षणी शू लागलेली, अशा वेळी कुठलं शहर तुम्हाला सांभाळून घेतं तेच खरं.

प्रॅम घेऊनच जा. पोरगी चालते हो आता, कशाला ते ओझं, असं घरी सगळे म्हणत होते, पण तिकडच्या दमट उकाड्यात मोठ्यांचाच जीव नको होतो. एमआरटीच्या, म्हणजे तिकडच्या मेट्रोच्या, स्टेशनांवर लिफ्ट आहेत (कधीकधी अगदी दुसऱ्या टोकाला, शोधावी लागते), आणि बसमध्येसुद्धा २०१७ पासून प्रॅम न दुमडता चढवता येते. बेबी रूम जवळपास प्रत्येक मोठ्या मॉलमध्ये, काही ठिकाणी गरम पाण्याचा नळसुद्धा. मेट्रो-बसमध्ये ९० सेंटीमीटरच्या आतलं मूल मोठ्यांबरोबर फुकट, आणि मोठ्यांना वेगळं तिकीट काढायची गरज नाही, कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड टेकवलं की झालं. फक्त आत खाणंपिणं बंद, दंड ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत, त्यामुळे बिस्किटाचा पुडा फोडायच्या आधी पोरांना दटावून ठेवा.

आणि एक फुकटातली मजा. लिटल इंडियाला जाणारी जांभळी नॉर्थ ईस्ट लाइन ड्रायव्हरशिवाय चालते, तर अगदी पुढच्या डब्यात जा, समोर काच असते. आमचा मुलगा काचेला नाक लावून उभा, बोगद्यातले दिवे अंगावर धावून येतायत, आणि प्रत्येक स्टेशनच्या आधी हा पठ्ठ्या हात पुढे करून ब्रेक मारतोय. तिकीट काढून नेलेल्या अर्ध्या ठिकाणी त्याने एवढं लक्ष दिलं नाही.

टॅक्सीचं मात्र नीट वाचा. ग्रॅबसारख्या अ‍ॅपवर जी खासगी गाडी येते तिच्यात १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला चाइल्ड सीट किंवा बूस्टर लागतोच, नसेल तर ड्रायव्हर सरळ नाही म्हणतो आणि त्याचं काही चुकत नाही. साध्या मीटर टॅक्सीला ही अट नाही. म्हणून मुलं बरोबर असताना एक तर टॅक्सी स्टँड गाठायचा नाहीतर अ‍ॅपमध्ये फॅमिलीवाला पर्याय निवडायचा, तो महाग पडतो.

आता वेळेचं गणित, जे कुठलाच एजंट सांगत नाही. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे. म्हणजे तिकडचे सकाळचे आठ हे पोरांच्या पोटातल्या घड्याळात साडेपाच. आणि पॅकेजवाले तुम्हाला आठला लॉबीत उभे करतात! पण तेच गणित रात्री तुमच्या बाजूने असतं, तिकडचे पावणेनऊ म्हणजे आपले सव्वासहा, पोरं टकाटक जागी. गार्डन्स बाय द बे या बागेत सुपरट्रीवरचा (झाडाच्या आकाराचे उंच मनोरे) लाइट आणि गाण्यांचा शो पावणेआठ आणि पावणेनऊला असतो, फुकट, तो आम्ही गवतावर आडवं पडून बघितला आणि एकही पोर रडलं नाही. सासूबाईंनी चपला उशाला घेतल्या होत्या. इथे कोण नेतंय, म्हटलं, तर म्हणे सवय आहे.

त्याच बागेत काचेचे दोन मोठे घुमट आहेत, तिकीटवाले. दोन्ही करू नका, एकच करा, क्लाउड फॉरेस्ट. शिरल्या शिरल्या समोर ३५ मीटरचा धबधबा, अंगावर तुषार, लिफ्टने वर जायचं आणि डोंगराभोवतीच्या पुलांवरून फिरत खाली यायचं. आत चांगलाच गारठा असतो, मुलांना पातळ स्वेटर ठेवाच. फ्लॉवर डोम सासूबाईंना फार आवडला, पोरांना दहा मिनिटांत कंटाळा. पोरांचं खरं ठिकाण बाहेर आहे, तिथलं चिल्ड्रन्स गार्डन, पाण्याची कारंजी, बादल्या, सगळं फुकट. कपड्यांचा जोड आणि टॉवेल घेऊन जा, सोमवारी सहसा बंद असतं. आणि विजा चमकण्याचा इशारा आला की पाणी बंद करतात, दुपारनंतर तिकडे असा पाऊस येतोच, मग जी रडारड होते ती तुम्ही बघा.

बोटॅनिक गार्डन्समधलं जेकब बॅलस गार्डनपण असंच, तेही फुकट, आणि तिथे नियम असा की मूल बरोबर असेल तरच मोठ्यांना आत सोडतात. नवऱ्याला म्हटलं, बघ, पहिल्यांदाच आपल्याला यांच्यामुळे कुठेतरी एंट्री मिळतेय.

पैसे खर्च करायचेच असतील तर मंडईला करा. म्हणजे आपली भाजीची नाही, मंडाई, झूवाली. १९७३ पासूनचं प्राणिसंग्रहालय आहे, प्राणी आणि आपल्यामध्ये शक्यतो गजांऐवजी खंदक आणि झाडी, ओरांगउटान तर चक्क डोक्यावरच्या दोरांवरून पिल्लू पोटाशी धरून जातात. तीन वर्षांखालचं मूल फुकट. आतली ट्रॅम घ्या, सगळं पायी करायचा हट्ट नको, आणि मुलांच्या भागात पुन्हा पाण्यात खेळायची सोय आहेच. खातीब स्टेशनवरून त्यांची शटल बस मिळते. अख्खा दिवस फक्त हेच ठेवा. एकाच दिवशी झू, नाइट सफारी आणि पक्षी असं तिन्ही कोंबणाऱ्या पॅकेजला लांबूनच नमस्कार.

मर्लायन दहा मिनिटांचा विषय. सिंहाचं तोंड आणि माशाचं अंग असलेला ८.६ मीटरचा पुतळा, तोंडातून पाणी. मुलीने बघितलं आणि विचारलं, “आई, त्याला उलटी होतेय?” तेवढाच फायदा.

युनिव्हर्सल स्टुडिओ, म्हणजे सेंटोसा बेटावरचं राइड्सचं पार्क, आम्ही गाळलं आणि मला अजिबात हळहळ नाही. ‘रिव्हेंज ऑफ द ममी’ या राइडला १२२ सेंटीमीटर उंची लागते, अशाच अटी बाकीच्या मोठ्या राइड्सनाही, म्हणजे एवढं तिकीट काढून बाहेर रांगेत हात धरून उभं कोण राहणार, तर आईबाप. सेंटोसाला नुसत्या बीचवर जा की, हार्बरफ्रंटवरून चालत जायला पूल आहे आणि बेटावरची बीच ट्रॅम फुकट.

खाण्याचं शाकाहारी लोकांनी टेन्शन घेऊ नये. सेरंगून रोडवरचं कोमला विलास १९४७ पासून आहे, डोसा कुरकुरीत, इडली लुसलुशीत, सांबार जरा तिखटच, मुलीला दही मागवून दिलं. मोठा मुलगा हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखाली खाण्याचे बरेच स्टॉल) साध्या पराठ्यासारख्या प्राटावर साखर घालून रोज खायला तयार होता. फक्त तिथे जेवून झालं की आपला ट्रे आपणच उचलून ठेवायचा, नाहीतर दंड होऊ शकतो. एसी रेस्टॉरंटमध्ये मेनूवरच्या भावाला भुलू नका, वर बहुतेक ठिकाणी १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि ९ टक्के जीएसटी लागतो. नळाचं पाणी पिण्याचं आहे, बाटल्या भरून घ्या, तेवढीच बचत.

सिंगापूरला चार स्टार देतेय, पाचवा कापला तो हॉटेलच्या खोल्यांसाठी. आमच्या हॉटेलने फॅमिली रूम म्हणून जी दिली तिच्यात प्रॅम उघडली की बाथरूमचं दार उघडेना. रिसेप्शनवर गोड हसून सांगितलं की ही आमची मोठीच खोली आहे मॅडम. बुक करताना फोटो बघू नका, चौरस मीटरचा आकडा बघा, आणि स्टेशनपासून चालत किती लांब तेही.

आणि हो, भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, लहान मुलांचासुद्धा, तो अधिकृत एजंटकडून काढा. त्याशिवाय पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरला येतोय असं कळवणारा फॉर्म, ऑनलाइन भरायचं असतं, प्रत्येकाचं वेगळं. ते सरकारी साइटवर फुकट आहे, त्याच्यासाठी जी साइट पैसे मागेल ती तिथेच बंद करा.